फोटोतली वस्तू कुणाच्या हातातून सुटली?

काही दुव्यांसोबत तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अंतराळवीरांनी पृथ्वीच्या कक्षेतून काढलेल्या फोटोंमध्ये अधूनमधून काहीतरी अनोळखी दिसतं. १९९८च्या स्पेस शटल या नासाच्या यानाच्या मोहिमेतला तो काळा, वाकडातिकडा आकार तर ‘ब्लॅक नाइट’ या नावाने जगभर फिरतो. ही वस्तू परग्रहावरची आहे का? नसेल तर काय आहे? आणि हे फोटो खरे असतील, तर शास्त्रज्ञ ते गंभीरपणे का घेत नाहीत?

मी सत्तावीस वर्षं उपग्रहांवरून आलेल्या प्रतिमा वाचण्याचं काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं कक्षांची गणितं करण्यात गेली. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. हे फोटो गंभीरपणे घेतले जातात, घ्यायलाच हवेत. यानाजवळ तरंगणारी अनोळखी वस्तू ही बहुतेक वेळा त्या यानाचाच सुटलेला भाग असते, आणि कुठला भाग सुटला हे वेळेवर कळलं नाही तर माणसं मरतात. त्याच्याकडे शेवटी येतेच. आधी तो काळा आकार.

डिसेंबर १९९८. एंडेव्हर यान एसटीएस-८८ या मोहिमेवर होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला रशियन भाग ‘झार्या’ नोव्हेंबरमध्येच वर गेला होता. एंडेव्हरने ‘युनिटी’ हा अमेरिकन भाग नेऊन त्याला जोडला. युनिटी शटलच्या मालवाहू कप्प्यात जाड धातूच्या खुंट्यांवर बसवून नेलेला होता. कप्प्यातून बाहेर काढल्यावर या खुंट्या उघड्या पडतात. त्यांच्यातून आतली उष्णता बाहेर निसटत राहते, म्हणून प्रत्येक खुंटीवर उष्णतारोधक कापडाची खोळ चढवायची होती. बॅटवर किंवा तंबोऱ्यावर चढवतो तशीच, फक्त अनेक पातळ थरांची. हे काम जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन हे दोघे स्पेसवॉकमध्ये करत होते. जाड हातमोजे, हवेने फुगलेला पोशाख, आणि बोटांना धड स्पर्श नाही. त्यात एक खोळ सुटली आणि निघून गेली.

ती दूर जात असताना यानातून तिचे फोटो काढले गेले, ७० मिलिमीटर फिल्मच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने. फिल्मच्या त्या रिळाचा क्रमांक ७२४. इंटरनेटवर सतत दिसतो तो फोटो त्यातला ६६ क्रमांकाचा. पण ती एकटी फ्रेम नाही. तिच्या आगेमागेही त्याच वस्तूच्या फ्रेम आहेत, आणि सगळ्या मिळून ७० क्रमांकापर्यंत जातात. त्या क्रमाने लावून बघा. एकीत ती वस्तू पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसते, दुसरीत वळलेल्या पानासारखी, आणखी एकीत नुसती काळी गाठ. गोळा झालेलं कापड गिरक्या घेत असेल तर असंच दिसणार. एका बाजूला ऊन लागून कड चमकते, दुसरी बाजू काळीकुट्ट. धातूचं यान फिरलं तर त्याचा कोन बदलतो, पण घडी बदलत नाही. इथे घडी बदलल्यासारखी दिसते.

या तुकड्याला अमेरिकेच्या कक्षीय वस्तूंच्या यादीत २५५७० हा क्रमांकही मिळाला होता, आणि काही दिवसांतच तो वातावरणात शिरून जळून गेला. हे ‘काही दिवसांत’ फार बोलकं आहे. त्या उंचीवरही हवेचा अगदी विरळ थर असतो. वजनदार, भरीव वस्तूला त्याचा रोध फारसा जाणवत नाही, ती महिनोन्‌महिने टिकते. कापडासारखी हलकी आणि पसरट वस्तू मात्र भराभर खाली येते. पतंग आणि दगड एकाच गच्चीवरून टाकले तर हवा कुणाला जास्त अडवते, तसंच. वस्तू किती दिवसांत पडली यावरून तिचं वजन आणि आकारमान यांचं प्रमाण काढता येतं. फोटोकडे न बघताही.

आता दाव्याची दुसरी बाजू. ब्लॅक नाइट हा तेरा हजार वर्षं पृथ्वीच्या ध्रुवीय कक्षेत फिरणारा परक्यांचा उपग्रह आहे असं म्हणतात. धरून चालू की आहे. एंडेव्हरची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करणारी होती. ध्रुवीय कक्षा म्हणजे ९० अंश. दोन्ही कक्षांमध्ये किमान ३८.४ अंशांचा फरक. त्या उंचीवर दोन्ही वस्तू सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर वेगाने जाणार. म्हणजे त्या एकमेकींजवळून गेल्या तर त्यांच्यातला सापेक्ष वेग सेकंदाला कमीत कमी ५ किलोमीटर येतो. कागद-पेन्सिल घेऊन हे करून बघता येईल: ७.७ ची दुप्पट गुणिले १९.२ अंशांचा साइन. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडलं तरी तेवढ्यात ती वस्तू २० मीटर सरकलेली असेल. फोटोत फार तर एक रेघ येईल. घड्या मोजता याव्यात अशा फ्रेमवर फ्रेम काढायच्या, तर वस्तू जवळपास आपल्याच कक्षेत, आपल्याच वेगाने चाललेली हवी. अशी वस्तू जवळजवळ नेहमी आपल्याकडूनच सुटलेली असते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत भक्कम वाक्य हेच आहे, आणि ते कुठल्याही संस्थेवर विश्वास ठेवून मान्य करावं लागत नाही.

मग तेरा हजार वर्षं आली कुठून? वेगवेगळ्या काळातल्या गोष्टी एकमेकींना शिवून ही कथा तयार झाली. १८९९मध्ये निकोला टेस्लाला कोलोरॅडो स्प्रिंग्जला लयबद्ध रेडिओ संकेत ऐकू आले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत रेडिओचे प्रतिध्वनी काही सेकंद उशिरा परत येताना आढळले. १९६०मध्ये अमेरिकेच्या रडारला एक ‘अंधारा उपग्रह’ दिसला आणि वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. तो त्यांच्याच डिस्कव्हरर या उपग्रहमालिकेतला भरकटलेला तुकडा निघाला. १९७३मध्ये डंकन लुनान या स्कॉटिश लेखकाने त्या जुन्या प्रतिध्वनींचा आलेख मांडून त्यात एका तारकासमूहाचा तेरा हजार वर्षांपूर्वीचा नकाशा वाचला. पुढे त्याने स्वतःच तो दावा मागे घेतला. ‘ब्लॅक नाइट’ नावाचं ब्रिटिश रॉकेट १९५८ ते १९६५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून उडत होतं खरं, पण त्याने एकही उपग्रह कक्षेत सोडला नाही. या सगळ्यात एक गोष्ट कमी होती: चेहरा. तो १९९८मध्ये त्या खोळीने दिला.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका धरणाच्या पाण्यात एक लांबट बेट नोंदवलं होतं. पावसाळ्याच्या आधीची प्रतिमा होती, गाळ वर आला असेल असं मला वाटलं. अहवाल पुढे गेला. आठवड्याने आमच्या वरिष्ठांनी मला बोलावलं, मूळ फिल्म प्रकाशाच्या टेबलावर ठेवली आणि भिंग हातात दिलं. बेटाच्या एका टोकाला सूक्ष्म वळण होतं आणि ते पाण्याच्या काठावरून सरळ पुढे, जमिनीवरही गेलेलं होतं. तो फिल्मवर पडलेला धागा होता. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “शेजारची फ्रेम बघितलीस का?” तेव्हापासून मला कुणी कसलाही फोटो दाखवला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघतो.

अंतराळातल्या फोटोंना हे आणखी लागू पडतं, कारण तिथे मोजमापाला काहीच आधार नसतो. जमिनीवर दूरची टेकडी धूसर, निळसर दिसते. झाड, माणूस, विजेचा खांब यांच्यावरून अंतराचा अंदाज येतो. वर हवाच नसल्यामुळे दोन मीटरवरचा बर्फाचा कण आणि दोनशे किलोमीटरवरचा उपग्रह सारखेच लख्ख दिसू शकतात. आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर इतकं कमी आहे की थोडं दूर गेलं की नुसत्या नजरेने खोली ठरवता येत नाही. त्यामुळे ‘प्रचंड मोठी वस्तू प्रचंड वेगाने गेली’ या वाक्यातले दोन्ही ‘प्रचंड’ अंतर कळल्याशिवाय निरर्थक आहेत.

दुपारी बंद खोलीत कवडसा आला की त्यात हवेतली धूळ नाचताना दिसते. कवडशाबाहेर तीच धूळ असते, पण दिसत नाही. कक्षेत रोज सोळाच्या आसपास सूर्योदय होतात, आणि प्रत्येक सूर्योदयाला यानाभोवती असाच कवडसा पडतो. मागे अजून काळोखी पृथ्वी, समोरून आडवं ऊन, आणि यानाच्या अंगावरून सुटलेले बर्फाचे कण. २० फेब्रुवारी १९६२ला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनला सूर्योदयाच्या वेळी खिडकीबाहेर हजारो चमकते ठिपके दिसले, तेव्हा त्याने त्यांना काजवे म्हटलं. तीनच महिन्यांनी, २४ मे रोजी, स्कॉट कार्पेंटर वर गेला. त्यालाही ते दिसले. त्याने यानाच्या भिंतीवर आतून हात आपटला, आणि बाहेर ठिपक्यांचा नवा झोत उडाला. भिंतीवर साचलेलं दंव होतं ते. मला हा प्रसंग फार आवडतो. शंका आली, त्याने भिंत ठोठावली, उत्तर मिळालं.

१९९१च्या सप्टेंबरमधली एसटीएस-४८ची चित्रफीतही याच जातीची. ठिपके संथ चाललेले असतात, मध्येच एक झगमगाट होतो आणि काही ठिपके झटकन दिशा बदलतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोळी झाडली आणि यान निसटलं. तो झगमगाट म्हणजे शटलची दिशा सांभाळणारं छोटं इंजिन, म्हणजे थ्रस्टर, पेटलं तो क्षण. त्याच्या झोतात सापडलेले जवळचे कण ढकलले गेले, न सापडलेले आपल्या वाटेने गेले.

फेब्रुवारी १९९६च्या एसटीएस-७५वर जरा जास्त थांबते, कारण त्यात कॅमेऱ्याने फसवण्याचे दोन वेगळे प्रकार एकाच चित्रात आहेत. कोलंबिया यानातून इटलीचा एक उपग्रह लांब दोरीवर सोडायचा होता. १९.७ किलोमीटर दोरी बाहेर गेली आणि २५ फेब्रुवारीला ती तुटली. नंतर दूर गेलेल्या त्या दोरीचं चित्रीकरण झालं. त्यात दोरी जाड, पांढऱ्या काठीसारखी दिसते आणि तिच्याभोवती मधे भोक, कडेला खाच असलेल्या गोल तबकड्या पोहत असतात. काही तर दोरीच्या मागून जाताना दिसतात. दोरी अडीच मिलिमीटर जाडीची, मग तिच्यामागून जाणारी तबकडी केवढी असेल, असा हिशोब लोक करतात.

दोरी जाड दिसली कारण कमी प्रकाशाच्या त्या कॅमेऱ्यात तिचा उजेड आजूबाजूला सांडला. जिथे चित्र आधीच पूर्ण पांढरं झालं आहे तिथून फिका ठिपका गेला तर तो दिसेनासा होतो, आणि ‘मागून गेला’ असं वाटतं. तबकड्यांचं म्हणाल तर ते फोकसबाहेरचे कण आहेत. घरी करून बघा. दिवाळीत गॅलरीत दिव्यांची माळ लावली असेल तेव्हा मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्यावर काळ्या कागदाचं झाकण बसवा आणि त्याला मधोमध छोटं त्रिकोणी भोक पाडा. फोकस मुद्दाम बिघडवा. माळेतला प्रत्येक दिवा त्रिकोणी दिसेल. माझ्या मुलीच्या शाळेत मी हे दाखवायचे, कधी चांदणी कापून, कधी बदाम. फोकसबाहेरच्या ठिपक्याचा आकार दिव्याचा नसतो, लेन्सच्या तोंडाचा असतो. एसटीएस-७५च्या सगळ्या तबकड्यांना तशीच खाच आहे, ती याचमुळे. वेगवेगळी याने असती तर सगळी एकाच साच्यातली कशी?

मग उरते खिडकी. स्थानकावरचं ‘कपोला’ हे सात खिडक्यांचं दालन २०१०मध्ये बसलं. २०२५च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांचे तिथून पृथ्वी बघतानाचे फोटो आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. त्या प्रत्येक खिडकीत एकामागे एक चार काचा आहेत. आत एखादा दिवा, लॅपटॉपचा पडदा, कॅमेऱ्याची लाल खूण उजळली की तिची चार-चार प्रतिबिंबं बाहेरच्या काळोखावर उमटतात. म्हणून रात्रीचे फोटो काढताना अंतराळवीर दिवे मालवतात, काळं कापड लावतात. तरी एखादं प्रतिबिंब निसटतंच. शिवाय वैश्विक किरणांच्या माऱ्याने कॅमेऱ्याच्या सेन्सरमधले काही बिंदू कायमचे पेटून राहतात. ते ओळखायला सोपे, कारण प्रत्येक फ्रेममध्ये ते त्याच जागी सापडतात. पुन्हा तेच: शेजारची फ्रेम.

आता अवघड प्रकरणं. सगळं सुटलेलं नाही, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

जून १९६५मध्ये जेमिनी-४ यानात जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट होते. व्हाइट झोपलेला असताना मॅकडिव्हिटला खिडकीतून नळकांड्यासारखी पांढरी वस्तू दिसली, तिच्यातून एक दांडा बाहेर आलेला. त्याने कॅमेरे घेतले, घाईघाईने फोटो काढले, तेवढ्यात खिडकीवर ऊन आलं आणि वस्तू हरवली. नंतर त्याचा म्हणून एक फोटो प्रसिद्ध झाला, शेपटीवाल्या ठिपक्यांचा. मॅकडिव्हिट पुढे आयुष्यभर सांगत राहिला की मी पाहिलं ते हे नव्हे, हे काचेवरचं प्रतिबिंब आहे. म्हणजे पाहणाराच फोटो नाकारतो, आणि तरी तो फोटो अजून ‘पुरावा’ म्हणून फिरतो. ती वस्तू त्याच्याच टायटन रॉकेटचा वरचा टप्पा असावी असं अनेक जाणकारांना वाटतं, मलाही ते पटतं. पण उडत्या तबकड्यांच्या दाव्यांची तपासणी करणाऱ्या १९६९च्या कॉन्डन अहवालात अंतराळवीरांच्या निरीक्षणांवरचं प्रकरण लिहिणाऱ्या फ्रँकलिन रोच यांनी तीन निरीक्षणं कोडं म्हणून शिल्लक ठेवली. दोन जेमिनी-४ची, एक जेमिनी-७चं. माहिती पुरेशी नाही तिथे ‘सुटलं’ असा शिक्का न मारणं हे चांगल्या विश्लेषकाचं लक्षण आहे.

तसंच स्कायलॅब या अमेरिकेच्या जुन्या अंतराळ स्थानकाचं. २० सप्टेंबर १९७३ रोजी ॲलन बीन, ओवेन गॅरिअट आणि जॅक लूस्मा यांना लालसर, चमकणारी वस्तू दहा मिनिटांच्या आसपास दिसत होती, आणि त्यांनी तिचे फोटोही काढले. स्कायलॅब पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर काही सेकंदांतच तीही विझली. या बारीकशा नोंदीतून बरंच कळतं. ती जवळपास आपल्याच कक्षेत होती, आणि तिचा उजेड स्वतःचा नव्हता, उन्हाचा होता. लाल रंगही मावळत्या उन्हाचाच. पण ती नेमकी कुठली वस्तू, हे ठामपणे सांगण्याइतका ऐवज त्या थोड्याशा फ्रेममध्ये नाही.

आणि कधी कधी अनोळखी गोष्ट खरोखर नवीन निघते. सप्टेंबर २०१५मध्ये डॅनिश अंतराळवीर अँड्रियास मोगेन्सन स्थानकावर होता. बंगालच्या उपसागरावर वादळी ढगांचा मोठा जमाव जमलेला होता. त्याने त्यावर कॅमेरा रोखला, आणि १६० सेकंदांत ढगाच्या माथ्यावर २४५ निळे झबके टिपले गेले. त्यात एक निळा झोत ढगातून वर उसळत ४० किलोमीटर उंचीपर्यंत गेला. अशा वरच्या दिशेने जाणाऱ्या विजेबद्दल वैमानिक फार पूर्वीपासून सांगत होते, पण त्यांच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. मोगेन्सनचं चित्रण शोधनिबंध झालं ते केवळ विलक्षण दिसलं म्हणून नव्हे. कुठे, किती वाजता, कुठल्या दिशेला, हे सगळं त्याच्यासोबत नोंदलेलं होतं, म्हणून. नासाने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३मध्ये अनोळखी हवाई घटनांवर अहवाल दिला, तेव्हा त्यांचं दुखणंही हेच होतं: चित्रं भरपूर, पण सोबतच्या नोंदी अपुऱ्या, कॅमेऱ्यांचं मोजमाप तपासलेलं नाही. परग्रहवासीयांचा पुरावा त्यांना आढळला नाही.

अलीकडची भर म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. सूर्य क्षितिजाखाली ठराविक खोलीवर असला की त्यांचे सपाट पृष्ठभाग आरशासारखे लखलखतात. एकामागून एक दिवे पेटतात, विझतात, तेही आकाशाच्या त्याच पट्ट्यात. विमानांचे वैमानिकही यामुळे गोंधळले आहेत. तुम्ही पाठवलेल्या दुव्यांपैकी ‘एका रांगेत चाललेली पाच यानं’ या प्रकारचं काही दिसलं की मी आधी हाच हिशोब मांडते.

आपल्याकडचं एक उदाहरण, कारण ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात पेटते गोळे रांगेने सरकत गेले. माझ्या फोनवर रात्रभर व्हिडिओ येत होते. कुणी म्हणालं उल्का, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. उल्का साधारणपणे दोन-चार सेकंदांत संपते. हे बराच वेळ, तिरकस, जवळजवळ क्षितिजाला समांतर चाललं होतं. कक्षेतून खाली येणारी वस्तू अशी येते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं, आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही मिळाले. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा २०२१पासून कक्षेत फिरत असलेला तिसरा टप्पा होता. हीच वस्तू आदल्या आठवड्यात एखाद्या अंतराळवीराने टिपली असती, तर फोटोत एक काळपट नळकांडं आलं असतं, नावाशिवाय.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

१६ जानेवारी २००३. कोलंबिया उडालं. ८१.७ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, यानापासून एक छोटी वस्तू अलग झाली आणि हळूहळू दूर गेली. आकार साधारण वहीच्या उघड्या पानांएवढा. दोन-अडीच दिवस ती कक्षेत होती, मग पडून जळाली. हे त्या वेळी कुणालाच कळलं नाही. रडारच्या नोंदींत ती होती, पण त्या नोंदी कुणी उघडून पाहिल्या नव्हत्या. अभियंत्यांनी यानाचे फोटो संरक्षण खात्याच्या साधनांनी काढून घ्यावेत म्हणून प्रयत्न केले, ते वरून थांबवले गेले. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. सात जण गेले. आपली कल्पना चावला त्यांच्यात होती.

अपघातानंतर रडारचे जुने आकडे चाळले गेले तेव्हा ती वस्तू सापडली. तिची कक्षा किती वेगाने खालावली, तिच्यावरून रडारचे तरंग कसे परतले, हे वेगवेगळ्या साहित्याच्या तुकड्यांशी ताडून पाहिलं गेलं. खोळी, फरशा, आवरणं एकेक करून बाद झाली. जुळला तो पंखाच्या कडेच्या कार्बन कवचाचा तुकडा. तपास मंडळाच्या अहवालात तिला ‘दुसऱ्या दिवसाची वस्तू’ एवढंच नाव आहे. मी तो भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटता आलं नाही. खोळीच्या बाबतीत जे गणित मी वर सांगितलं, किती दिवसांत पडली त्यावरून वजन आणि आकारमान, तेच गणित इथे होतं. फक्त उशिरा, सगळं घडून गेल्यावर.

म्हणून ‘हे काय आहे’ हा प्रश्न मला कधीच फालतू वाटत नाही. ‘परग्रहावरचं आहे’ असं म्हणून तो तिथेच सोडून दिला की मात्र वाईट वाटतं, कारण मग ती वस्तू यानाच्या कुठल्या अंगाची, हे कुणी विचारत नाही.

कोलंबियानंतर ही सवय बदलली. सप्टेंबर २००६मध्ये एसटीएस-११५ मोहिमेवरचं अटलांटिस २० तारखेला उतरणार होतं. १९ला परतीच्या तयारीसाठी नियंत्रण यंत्रणा तपासून झाल्यावर कॅमेऱ्यात यानाजवळ एक काळपट वस्तू तरंगताना दिसली. नंतर कमांडर ब्रेंट जेट यांनी आणखी काही तुकडे दिसल्याचं कळवलं, दोन कडी आणि फॉइलसारखं काहीतरी. उतरणं एक दिवस पुढे ढकललं. यंत्रहाताच्या टोकाला कॅमेरे आणि संवेदक लावून यानाची तपासणी झाली. पहिली वस्तू बहुधा उष्णतारोधक फरशांच्या फटीतून निघालेली प्लास्टिकची पट्टी होती. पंखांना, पोटाला इजा नव्हती. अटलांटिस २१ सप्टेंबरला सूर्योदयाआधी फ्लोरिडाच्या धावपट्टीवर उतरलं, सहाही जण सुखरूप.